केबलच्या तारेची परतीची वाट

इंदुरात रामबागेच्या वळणावर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ओटला आहे. तिथे संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात आम्ही चार-पाच जण नेमाने बसतो. परवाचा वाद तात्यांच्या एका वाक्याने सुरू झाला. तात्या बँकेतून निवृत्त झालेले असून त्यांचा मुलगा फिलाडेल्फियात राहतो, आणि तिकडची कोणतीही सोय ही इकडच्या गैरसोयीची तक्रार म्हणूनच सांगायची, अशी त्यांची पद्धत आहे. "तिकडे केबल कंपनी टीव्ही देते, इंटरनेट देते आणि आता मोबाइलसुद्धा तीच देते. थोड्या दिवसांत घरात दहा गिगाबिटचा वेग येणार म्हणतात. आपला केबलवाला मात्र अजून 'जॅक हलवून बघा' यापुढे गेलेला नाही," असे ते म्हणाले. केबलवाला, म्हणजे आमचा बंडू, त्यांच्या शेजारीच बसलेला होता.

बंडूने गल्लीत गेली वीस-बावीस वर्षे तारा ओढल्या आहेत, त्यामुळे असले बोलणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. त्याने एवढेच विचारले, "तात्या, तुमच्या चिरंजीवांच्या केबल कंपनीचे मोबाइलचे टॉवर कुठे आहेत?" या प्रश्नाचे उत्तर तात्यांकडे नव्हते. ते त्यांचा पुतण्या पिंटू याच्याकडे होते. तो नेटवर्कच्या कामात आहे आणि बोलायला लागला की काकांचीही गय करीत नाही.

पिंटूने सांगितलेली हकिकत मला तरी नवी होती. अमेरिकेतल्या काही केबल कंपन्यांनी २००६ च्या लिलावात एकत्र येऊन मोबाइलसाठी लागणाऱ्या लहरी विकत घेतल्या होत्या. पाच वर्षे त्या तशाच बाळगून, टॉवर उभारायचा खर्च न झेपल्यामुळे म्हणा किंवा न परवडल्यामुळे म्हणा, डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी त्या व्हेरिझॉन या बड्या मोबाइल कंपनीला ३.६ अब्ज डॉलरना विकण्याचा करार केला. मात्र त्या व्यवहारात त्यांनी एक गोष्ट हुशारीने पदरात पाडून घेतली. व्हेरिझॉनचेच जाळे आपल्या नावाने ग्राहकांना विकायचा हक्क त्यांना मिळाला. त्याच हक्कावर कॉमकास्ट या केबल कंपनीने २०१७ मध्ये आणि चार्टर या दुसऱ्या केबल कंपनीने २०१८ मध्ये मोबाइल सेवा सुरू केली. चार्टर त्या मूळ सौद्यात नव्हती. ज्या दोन कंपन्या सौद्यात होत्या त्या तिने २०१६ मध्ये घेतल्या आणि हक्क वारशाने तिच्याकडे आला. २०२४ अखेर या दोघींकडे मिळून पावणेदोन कोटींच्या वर मोबाइल जोडण्या होत्या.

"म्हणजे विहीर दुसऱ्याची आणि रहाट आपला," असे वकीलसाहेब म्हणाले. पिंटूला ही उपमा अर्धीच मान्य होती, कारण माणूस घरात किंवा कचेरीत असतो तेव्हा त्याचा फोन वायफायवर चालतो, आणि ते वायफाय केबल कंपनीच्याच तारेवर असते. टॉवरचे भाडे फक्त माणूस रस्त्यावर असेल तेवढ्या वेळाचे पडते. म्हणून केबल कंपन्या मोबाइल स्वस्त देऊ शकतात, आणि स्वस्त मोबाइलच्या लोभाने ग्राहक घरचे इंटरनेट तोडत नाही, हा त्यांचा खरा नफा. वकीलसाहेबांचे म्हणणे पडले की मग यात 'नवीन वायरलेस सेवा' असे काही नाहीच; जुन्याच तारेच्या टोकाला अँटेना लावून तिचे बारसे केले आहे. मला हे थोडे एकांगी वाटले. ग्राहकाच्या बिलातून पैसे कमी होत असतील, तर तो बारशाचे पेढे खाणारच.

इथपर्यंत गप्प बसलेल्या वहिनींनी मग मूळ प्रश्नाला हात घातला. वहिनी शास्त्रीय गायन शिकवतात आणि त्यांच्या निम्म्या शिष्या आता परगावी आहेत. त्यांच्याकडे बंडूचीच जुनी जोडणी आहे. "मला तुमचे दहा गिगाबिट नकोत," त्या म्हणाल्या. "शिष्येचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो, चित्रही स्वच्छ दिसते. पण मी षड्ज लावून तानपुरा धरला की तिकडे तो तुटक ऐकू जातो. माझ्याकडे येणारे सगळे ठीक आणि माझ्याकडून जाणारे तेवढे वाईट, असे का व्हावे?"

पुढचा अर्धा तास, माझ्या मते, या एका प्रश्नासाठीच खर्च व्हायला हवा होता, आणि सुदैवाने तो तसाच झाला. बंडूने स्कूटरच्या डिकीतून केबलचा एक हातभर तुकडा आणि कटर काढला आणि ओटल्यावर सोलायला बसला. वरचे काळे प्लॅस्टिक, त्याखाली बारीक तारांची जाळी, तिच्याखाली चांदीच्या वर्खासारखी ॲल्युमिनियमची पट्टी, मग पांढरा फेसासारखा थर आणि अगदी मध्ये एकच जाड तार. ती तांबूस दिसत होती, पण बंडूने कटरच्या पात्याने खरवडल्यावर आतून पोलाद निघाले. "तांबे नुसते वर चढवलेले असते, कारण इतक्या उच्च कंप्रतेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा, सिग्नल तारेच्या कातडीवरूनच धावतो, आत शिरत नाही," असे पिंटूने सांगितले. तात्यांनी तो तुकडा चष्मा वर करून दोनदा पाहिला.

ही तार मुळात टीव्हीसाठी घातलेली. टीव्हीचा कार्यक्रम घरी येतो. घरातून परत काही जायचे नसते. त्यामुळे तारेतल्या कंप्रतांची वाटणी करताना अमेरिकेत परतीच्या वाटेला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच चिंचोळी पट्टी ठेवली गेली आणि ५४ पासून पुढे थेट हजाराच्या आसपासपर्यंतचे सगळे अंगण येणाऱ्या सिग्नलला मिळाले. पुढे १९९७ मध्ये याच तारेवरून इंटरनेट नेण्याचे डॉक्सिस नावाचे प्रमाण आले. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीने अनेक चॅनेल एकत्र बांधायला शिकवले, २०१३ च्या ३.१ ने येणाऱ्या वेगाची मर्यादा कागदावर दहा गिगाबिटपर्यंत नेली, तरी प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी परतीची पट्टी तीच राहिली. शिवाय ती पट्टी सगळ्यांत गोंगाटाची. मिक्सरच्या मोटरीची ठिणगी, लघुलहरी रेडिओ, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांचा उपद्रव याच खालच्या कंप्रतांत होतो. बंडूने यात आपल्या अनुभवाची भर घातली ती मला फार मोलाची वाटली. वरून येणारा सिग्नल एका घरात बिघडला तर त्या एकाच घराची तक्रार येते. पण परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचा कचरा एकाच नळकांड्यात गोळा होतो, त्यामुळे एका घरी जॅक ढिला राहिला तरी अख्ख्या गल्लीचे अपलोड आजारी पडते, आणि तो जॅक कोणाच्या घरचा हे शोधायला एकेक दार वाजवावे लागते. "जॅक हलवून बघा, असे मी उगीच नाही म्हणत तात्या," असे तो म्हणाला, आणि या एका वाक्यासाठी तो इतका वेळ थांबला असावा असा मला संशय आहे.

"पण मग दहा गिगाबिट येणार म्हणतात, ते काय?" तात्यांनी हट्ट सोडला नव्हता. पिंटूच्या सांगण्याप्रमाणे डॉक्सिसच्या चौथ्या आवृत्तीत खरी सुधारणा आहे ती परतीच्याच वाटेची. येणारा वेग दहा गिगाबिट हा ३.१ मध्येही होताच. जाणारा वेग मात्र आता सहा गिगाबिटपर्यंत नेता येतो. त्याचे दोन मार्ग आहेत. एकात तारेतली जागाच १.८ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवायची आणि परतीच्या पट्टीला ६८४ मेगाहर्ट्झपर्यंत मोकळीक द्यायची. दुसऱ्यात येणारे आणि जाणारे एकाच पट्टीतून एकाच वेळी सोडायचे आणि आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी उपकरणाने वजा करायचा. कॉमकास्टने हा दुसरा मार्ग धरला आणि २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो स्प्रिंग्ज, अटलांटा आणि फिलाडेल्फिया या शहरांच्या काही भागांत सेवा सुरू केली. वहिनींना हा प्रतिध्वनी वजा करण्याचा मुद्दा लगेच समजला. गाणाऱ्याने स्पीकरमधून येणारा स्वतःचा आवाज बाजूला सारून साथीदाराचा ऐकायचा असतो, तसेच हे, असे त्या म्हणाल्या. पिंटूला इतके सोपे उदाहरण सुचले नसते.

'दहा' या आकड्याची आणखी एक गंमत. केबल उद्योगाने २०१९ मध्ये आपल्या भावी जाळ्याला '१०जी' असे नाव दिले. मोबाइलची पाचवी पिढी जिथे नुकती येत होती, तिथे हे नाव ऐकणाऱ्याला काय वाटेल, हे उघड आहे. प्रतिस्पर्धी मोबाइल कंपन्यांनी तक्रार केली, आणि जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिकडच्या स्वयंनियमन मंडळाने ते नाव सोडण्याची शिफारस केल्यावर कॉमकास्टने २०२४ च्या सुरुवातीला ते मागे घेण्याचे कबूल केले. वकीलसाहेबांना हा भाग सगळ्यांत आवडला.

वादाला खरी धार आली ती आपल्याकडचा विषय निघाल्यावर. आपल्याकडचा केबलवालाही असाच वेग आणि मोबाइल देईल, याची वाट पाहण्यात अर्थ आहे का? तात्यांचे उत्तर होते, का नाही? ३१ मार्च २०१३ ची मुदत धरून इंदुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा डिजिटल तारेवरून इंटरनेटही मिळेल, असे सगळ्यांना ऐकवले गेले होतेच. बंडूने मान्य केले की त्यानेही ते ऐकवले होते. पण तारेवरून दुतर्फा वाहतूक करायची तर वाटेतला सिग्नल वाढवणारा प्रत्येक अँप्लिफायर बदलावा लागतो, आणि सगळीकडे तसे करण्याइतके भांडवल गल्लीतल्या ऑपरेटरकडे कधीच नव्हते. वहिनींच्यासारख्या मोजक्या जुन्या जोडण्या सोडल्या, तर त्याने सगळ्यांनी केले तेच केले: गच्चीगच्चीवर जोडणी वाटणारे स्विच ठेवून निळी नेटवर्कची तार ओढली. माकड उडी मारून गेले की चार घरे बंद, आणि पाऊस आला की आठ.

अमेरिकेत केबलवाला मोबाइलच्या दारातून आत गेला. आपल्याकडे मोबाइलवाला केबलच्या दारातून आत आला. माझे मत असे की सगळा फरक एवढ्यातच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या दोन मोठ्या केबल कंपन्यांमध्ये बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर सुरू झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये, गणेश चतुर्थीच्या दिवशी, तार न ओढता गच्चीवरच्या अँटेनातून ५जी वर चालणारे एअरफायबर आठ महानगरांत आले. तेव्हा त्याचा सर्वांत स्वस्त प्लॅन ५९९ रुपये अधिक कर असा होता, वेग ३० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तीस मेगाबिट. म्हणजे 'केबलवाल्याची वायरलेस सेवा' आपल्याकडे आलीच आहे, फक्त तिच्यावर बंडूचे नाव नाही.

वहिनींना या हवेतल्या जोडणीचा मोह पडला होता, कारण भिंतीला भोक पाडावे लागत नाही. पिंटूने त्यांना थांबवले. आपल्याकडच्या मुख्य ५जी पट्टीत एकाच कंप्रतेवर आळीपाळीने यायचे आणि जायचे असते, आणि वेळेची वाटणी करताना मोठा वाटा येणाऱ्यालाच दिला जातो. म्हणजे तार गेली तरी परतीची वाट अरुंद ती अरुंदच. फायबरच्या काचेच्या धाग्यात मात्र येणारा आणि जाणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो. जीपॉन नावाच्या नेहमीच्या फायबर पद्धतीत एका धाग्यावर जाण्यासाठी सव्वा गिगाबिट आणि येण्यासाठी अडीच गिगाबिट अशी क्षमता असते, आणि ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली तरी तानपुऱ्याला पुरून उरते.

मी या ठिकाणी फायबरचे गोडवे गाऊ नका, असे म्हटले, आणि त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरासमोर रस्ता खणताना फायबर तुटला. कंपनीच्या ॲपवर तक्रार 'निवारण झाली' अशी तीनदा बंद झाली आणि माणूस सहाव्या दिवशी आला. बंडूच्या काळात तार तुटली की गॅलरीतून हाक मारली तरी काम व्हायचे. वेग वाढला, पण आमची तक्रार ज्या वाटेने परत जायची ती वाट अमेरिकन केबलच्या अपलोडसारखी झाली आहे.

शेवटी तात्यांनी पुरावा म्हणून तिथूनच मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पिंटूने फोन हातात घेऊन त्याला वेग मोजायला सांगितला. थोड्या वेळाने उत्तर आले: येणारा वेग नऊशे वीस मेगाबिट, जाणारा पस्तीस. तात्यांनी दोन्ही आकडे त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले, बहुधा दुसऱ्यात एखादे शून्य राहून गेले असेल या आशेने. चौथ्या आवृत्तीची सेवा त्यांच्या रस्त्यावर अजून आलेली नाही, असे मुलगा म्हणाला. वकीलसाहेबांनी सौजन्याने काहीच टिप्पणी केली नाही.

वहिनींनी बंडूला विचारले की मग मी काय करू. बंडू अलीकडे त्याच मोठ्या कंपनीचे फायबर गल्लीत ओढून देतो, जोडणीमागे त्याला ठरलेली रक्कम मिळते. येणारा-जाणारा वेग सारखा असलेला प्लॅन घ्या, बॉक्स कपाटाआड न ठेवता गाण्याच्या खोलीतच बसवा आणि फोनऐवजी लॅपटॉपला तार जोडून शिकवा, असे त्याने सांगितले.

"आणि बिघडले तर बोलावायचे कोणाला? पावतीवर नाव तर त्यांचे असणार," वहिनी म्हणाल्या.

"पावती त्यांची. पण ॲपवर तक्रार घालायच्या आधी मला हाक मारा," बंडू म्हणाला.

रविवारी सकाळी साडेनऊला तार ओढायचे ठरले. शिडी तात्यांकडची आणायची आहे.