'मधमाश्या गारठून मरतात' : एका संदेशाचा प्रतिवाद

हिवाळा तोंडावर आला की मधपाळांमध्ये एक संदेश हातोहात फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा : कडाक्याच्या थंडीत वसाहती गारठून मरतात, म्हणून पहिली थंडी पडताच पेटी प्लास्टिकने घट्ट गुंडाळावी, सगळ्या फटी आणि प्रवेशद्वारही बुजवावे, दर आठवड्याला झाकण काढून माश्या जिवंत असल्याची खात्री करावी आणि हिवाळाभर पातळ साखरपाक देत राहावे. हा सल्ला कळकळीने दिलेला असेल, यात शंका नाही; परंतु जेथे पारा गोठणबिंदूखाली उतरतो आणि महिनोन्‌महिने फूल दिसत नाही, तेथे तो तंतोतंत पाळणाऱ्याच्या पेट्याच आधी रिकाम्या होण्याचा संभव आहे.

मूळ विधानच तपासू. युरोपीय मधमाशी (एपिस मेलिफेरा) हिवाळ्यात निद्रिस्त होत नाही. बाहेरचे तापमान साधारण 14 अंश सेल्सिअसखाली गेले की माश्या एकमेकींना बिलगून पोळ्यांवर गोळा करून बसतात. आतल्या माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात, तर बाहेरच्या माश्या दाट थर करून ती अडवतात. या बाहेरच्या थराजवळचे तापमान 10 अंशांच्या आसपास असतानाही, गाभ्यात अळ्या असतील तर तेथे सुमारे 34 अंश राखले जातात. पुरेशी संख्या, निरोगी शरीरे आणि भरपूर मध या तीन गोष्टी असतील तर अशी वसाहत उणे तापमानातही तग धरते. गोळा मूठभर उरला, तर मात्र तो स्वतःला उबदार ठेवू शकत नाही आणि वरवर पाहता थंडीने मेल्यासारखा दिसतो. तेव्हा विचारायचे ते हे की तो मूठभर का उरला.

बहुतेक वेळा याचे उत्तर वरोआ कोळी, म्हणजे माश्यांवर जगणारा एक बारीक परजीवी, हे असते, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. हा कोळी मूळचा आशियाई मधमाशीवरचा. तिच्यात तो मुख्यतः नरांच्या कोशांत, म्हणजे नर अळ्या वाढतात त्या पोळ्यातील घरांत, वाढतो. युरोपीय माशीत तो कामकरी माश्यांच्या झाकलेल्या कोशांतही प्रजनन करतो. उन्हाळ्याच्या अखेरीस राणी अंडी कमी घालू लागते, पण कोळ्यांची संख्या त्याच सुमारास शिगेला पोहोचलेली असते. त्यामुळे उरलेल्या प्रत्येक कोशावरचा भार वाढतो. दुर्दैव असे की हिवाळी माश्या नेमक्या याच कोशांतून बाहेर येतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते, हिवाळी माशीला सहा महिन्यांपर्यंत जगायचे असते, आणि त्यासाठी लागणारा साठा तिच्या मेदपिंडात, म्हणजे शरीरातील चरबी साठवणाऱ्या ऊतीत, असतो. कोळी त्यावरच पोसला जातो, शिवाय पंख विकृत करणारा विषाणूही पसरवतो.

मेलेली पेटी उघडून पाहिली की हा फरक स्पष्ट होतो. कोळ्याने संपवलेल्या वसाहतीत मध जवळजवळ तसाच असतो, माश्या थोड्याच सापडतात, आणि चौकट तिरपी धरून रिकाम्या कोशांच्या वरच्या भिंती पाहिल्या तर कोळ्याच्या विष्ठेचे पांढरे ठिपके दिसतात. उपासमारीत चित्र वेगळे असते : माश्या कोशांत डोके खुपसून मेलेल्या, आणि कधी कधी चार बोटांवरच्या पोळ्यात भरलेला मध, कारण थंडीत गोळ्याला तेवढेही सरकता आलेले नसते. म्हणूनच कोळ्यांची मोजणी आणि उपचार हिवाळी माश्या तयार होण्यापूर्वी झाले पाहिजेत. भर हिवाळ्यात अळ्या नसताना दिलेले ऑक्सॅलिक आम्ल माश्यांच्या अंगावरील कोळी मारते आणि पुढच्या हंगामासाठी उपयोगीही पडते, पण आधीच पोखरलेल्या माशीला ते पुन्हा धडधाकट करत नाही.

आता प्लास्टिक आणि बुजवलेली फट. एक किलो मध खर्ची पडताना, त्यातले मूळचे पाणी धरून, सुमारे 650 मिलिलिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे 20 किलो मध संपवणाऱ्या वसाहतीला सुमारे 13 लिटर पाण्याची वाफ सोसावी लागते. ती बाहेर जाऊ शकली नाही तर थंड झाकणावर साचून थेंबाथेंबाने गोळ्यावर ठिबकते, आणि ओली माशी कोरड्या माशीपेक्षा फार लवकर मरते. आवरणच नको असे मी म्हणत नाही. झाकणाखाली उष्णतारोधक जाड थर दिला तर तेथे वाफेचे पाणी होत नाही आणि मधही वाचतो. बोचऱ्या वाऱ्याला आडोसा करणेही योग्यच. प्रवेशद्वार उंदीर शिरणार नाही इतके अरुंद करावे, पण बंद कधीही करू नये. निरोगी माश्या पेटीत विष्ठा करत नाहीत. ऊन पडलेल्या एखाद्या दिवशी त्या त्यासाठीच बाहेर येतात. मेलेल्या माश्यांनी दार तुंबले असेल तर वाकवलेल्या तारेने ते मोकळे करावे.

दर आठवड्याच्या तपासणीवर फार लिहिण्याची गरज नाही : झाकण उघडले की साठलेली ऊब जाते आणि गोळा विस्कटतो. पेटीची मागची बाजू किंचित उचलून वजनाचा अंदाज घेतला तरी पुरते.

पाकाबाबत संदेशाचा हेतू बरोबर आहे, वेळ चुकीची. पाक पोळ्यात साठवण्यासाठी माश्यांना त्यातले पाणी उडवावे लागते, आणि ते काम थंडीत होत नाही. म्हणून ऊब असतानाच, वजनाने दोन भाग साखर व एक भाग पाणी असा घट्ट पाक देऊन साठा पूर्ण करावा. साखर पांढरीच असावी. गूळ किंवा तपकिरी साखरेतील न पचणारा अंश माश्यांना हगवण लावतो. कोठला आहे हे ठाऊक नसलेला मधही घालू नये, कारण त्यातून अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू येऊ शकतात आणि ते दशकानुदशके जिवंत राहतात. उपासमारीचा खरा धोका हिवाळ्याच्या शेवटी असतो : राणी पुन्हा अंडी घालू लागते, गाभा सतत गरम ठेवावा लागतो आणि मध झपाट्याने उतरतो. त्या वेळी पेटी हलकी लागली तर पाक न देता साखरेचा घट्ट गोळा किंवा फाँडंट (साखरेचा मऊ, घट्टसर लगदा) चौकटींवर, थेट माश्यांच्या डोक्यावर ठेवावा. हातभर दूर ठेवलेले अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.