पियानो वाजतोय आणि हॉलमध्ये प्रेत पडलंय

परवा रात्री पुन्हा 'अंधाधुन' लावला. कितव्यांदा ते विचारू नका, घरात विचारणं कधीच बंद झालंय. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथूनच परत फिरा. पुढे मी सगळं फोडणार आहे. 2018चा सिनेमा आहे, आता स्पॉयलरच्या नावानं बोंब मारायची नाही.

लोक अजून त्याच्या शेवटावरच भांडतात. ससा खरा का खोटा, नायक आकाशला दिसतं का नाही. चालू द्या. माझं मत असं की हा सिनेमा शेवटात नाहीच. तो त्या फ्लॅटमधल्या पियानोच्या प्रसंगात आहे, आणि तिथली गंमत डोळ्यांपेक्षा कानांत जास्त आहे.

आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश लग्नाच्या वाढदिवसाला पियानो वाजवायला सिमीच्या घरी येतो. ज्यानं बोलावलंय तो नवरा, जुना नट प्रमोद सिन्हा (अनिल धवन), जमिनीवर मरून पडलाय. हा वाजवतोय, याला ते दिसतंय, पण दिसतंय हे दाखवायचं नाही. बोटं थांबली तर संपलं. त्यात मधेच बाथरूमला जावं तर तिथं बंदूक घेऊन एक माणूस उभा! परत येऊन पुन्हा वाजवायला बसायचं. सिमी त्याच्याशी तोंडानं गोडगोड बोलतेय आणि हातवारे करून यारासोबत प्रेताची विल्हेवाट ठरवतेय. पुसापुशी काय, बॅगेत कोंबणं काय. एका शब्दाचाही आवाज न करता दोघांचा अख्खा संवाद चालतो.

म्हणजे हा चक्क मूकपट झाला की! फाळक्यांच्या जमान्यात पडद्याशेजारी वाजंत्री बसायचे, पडद्यावर मारामारी आली की तबला जोरात. आकाश तेच काम करतोय. फरक एवढाच, की पडद्याकडे बघून वाजवणाऱ्यानं पडदा दिसतच नाही असं दाखवायचंय. इथे पार्श्वसंगीत मागून येत नाही, गुन्ह्याच्या मधोमध स्टूलवर बसलंय आणि भीतीनं त्याला घाम फुटलाय. आकाश झालेल्या आयुष्मान खुरानानं त्यासाठी पियानो शिकून घेतला, बोटांसाठी बदली माणूस घेतला नाही. ते बरं झालं. कॅमेरा बोटांवरून चेहऱ्यावर गेला तरी चोरी पकडली जात नाही.

आता थोडं मागे जातो. हिंदी सिनेमात पियानो म्हणजे काय होतं? श्रीमंताचा बंगला, पार्टी, गोल उभे राहिलेले सुटाबुटातले लोक आणि मध्ये दुखावलेला हीरो. 'संगम'मधलं 'दोस्त दोस्त ना रहा' आठवा, 'ब्रह्मचारी'तलं 'दिल के झरोखे में' आठवा. सगळ्यांसमोर आरोप करायचा, पण तो ज्याला लागायचा त्यालाच लागतो. बाकीचे सरबताचे ग्लास धरून मान डोलावतात. पियानो ही आपल्या सिनेमातली तक्रारपेटीच होती. दिग्दर्शक श्रीराम राघवननं ती पेटीच उलटी केली. इथेही बंगल्याच्या तोडीचा फ्लॅट आहे, पियानो आहे, गुपित आहे. पण वाजवणाऱ्याला आरोप करायचा नाहीये, गिळायचाय.

गाण्यांबद्दल मात्र माझं मत मित्रांना पटत नाही. अमित त्रिवेदीची गाणी चांगली आहेत, 'नैना दा क्या कसूर' या ओळीतला खवचटपणा तर मला फारच आवडतो (आंधळेपणाचं नाटक करणाऱ्याच्या सिनेमात डोळ्यांचा काय दोष म्हणे!). पण सिनेमा संपल्यावर ती माझ्या डोक्यात फार राहिली नाहीत. राहिला तो पियानो, डॅनियल बी. जॉर्जचं पार्श्वसंगीत आणि अनिल धवनची जुनी गाणी.

अनिल धवनला घेणं ही तर दिग्दर्शकाची सगळ्यात हुशार खोडी. सत्तरच्या दशकातला विसरला गेलेला नट हवा होता, तर खराच सत्तरच्या दशकातला नट आणला, आणि त्याची खरी गाणी त्या पात्राच्या नावावर लावली. 'तेरी गलियों में ना रखेंगे कदम' हे 1974च्या 'हवस'मधलं, रफींचं, चाल उषा खन्नांची. त्यामुळे प्रमोद सिन्हा पडद्यावर येतो तेव्हा तो लिहिलेला माणूस वाटत नाही. आपण त्याला टीव्हीवर पाहिलेलं असतं. सिनेमा सुरुवातीलाच दूरदर्शनवरच्या छायागीत आणि चित्रहार या गाण्यांच्या कार्यक्रमांना वंदन करतो ते उगाच नाही.

आणि हो, हाच अनिल धवन 'पिया का घर'मध्ये जया भादुरीचा नवरा होता. तो सिनेमा म्हणजे आपल्या राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई'चा हिंदी अवतार. चाळीतल्या एका खोलीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही एवढीच त्याची अडचण. सेहेचाळीस वर्षांनी त्याला पुण्यात ऐसपैस फ्लॅट मिळाला, आणि बायकोला तिथे दुसऱ्याबरोबरचा एकांत! राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा (एफटीआयआय), जुन्या सिनेमांचं वेड असलेला माणूस आहे. हे त्याच्या डोक्यात आलंच नसेल असं मला तरी वाटत नाही.

त्याच्याच 2007च्या 'जॉनी गद्दार'मध्येही असं आहे. धर्मेंद्र वारलेल्या बायकोनं गायलेलं 'मोरा गोरा अंग लई ले' टेपवर ऐकत बसतो. चोरांच्या टोळीचा म्होरक्या, आणि जीव अडकलाय कशात, तर एका कॅसेटमध्ये.

थिएटरात 'अंधाधुन' पाहिला तेव्हा बाबा बरोबर होते. इंटरव्हलला सगळे आता पुढे काय याची चर्चा करत होते. बाबा सामोसा हातात धरून म्हणाले, "बिचाऱ्यानं बायकोसाठी गाणी लावायला माणूस बोलावला होता रे." मग पार्किंगपर्यंत 'तेरी गलियों में'. दुसरं कडवं त्यांना येत नव्हतं, म्हणून पहिलंच तीनदा.