किमिको दाते आणि आमची संगीत खुर्ची

सोसायटीच्या क्रीडास्पर्धांचा फॉर्म आज सकाळी ग्रुपवर पडला. पुरुषांसाठी बॅडमिंटनचा खुला गट, शिवाय पंचेचाळिशीच्या वरच्यांना 'व्हेटरन्स'. महिलांना एकच खुला गट. आणि चाळिशीच्या वरच्या महिलांना? संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा!! मी विचारलं तर कमिटीतले काका म्हणतात, "ताई, आता मुलींना खेळू द्या की. आपण मजा करायची." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात बायकासुद्धा होत्या, हे जास्त झोंबलं.

तेव्हापासून डोक्यात टेनिसपटू किमिको दाते आहे.

२०१२ च्या नोव्हेंबरात ती पुण्यात खेळून गेली, किती जणांना माहितीये? बालेवाडीला रॉयल इंडियन ओपन होती, फायनल दाते विरुद्ध एलिना स्वितोलिना. एक बेचाळीस वर्षांची, दुसरी अठरा. मी लेकीला घेऊन गेले होते. मागच्या रांगेत एक काका. आधी विचारलं, "दाते? आपल्यातली का?" जपानची आहे कळल्यावर रस कमी झाला. वय कळल्यावर म्हणाले, "बेचाळीस? घरी कामधंदा नाही का हिला?" आजूबाजूचे हसले. पोरगी माझ्याकडे बघायला लागली.

अहो काका, कामधंदा? क्योटोची ही मुलगी १९९५ साली जगात चौथ्या नंबरवर होती. चौथ्या! त्याआधी कुठलीही जपानी बाई पहिल्या दहात पोचली नव्हती. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन, तिन्हीकडे सेमीफायनल. एप्रिल १९९६ मध्ये टोकियोत फेड कपला (देशादेशांच्या महिला संघांची स्पर्धा) तिने जर्मनीच्या स्टेफी ग्राफला हरवलं, तिसरा सेट १२-१०. ग्राफ म्हणजे तेव्हाची टेनिसची राणी, हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको.

त्याच वर्षी विम्बल्डनची सेमीफायनल, पुन्हा ग्राफ. दातेने दुसरा सेट ६-२ घेतला आणि अंधार पडला म्हणून खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ग्राफ जिंकली. पण त्या मॅचचं लोकांना आठवतं काय? प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडला "स्टेफी, लग्न करशील का माझ्याशी?" आणि तिने विचारलं, "पैसे किती आहेत तुझ्याकडे?" यूट्यूबवर तेवढाच तुकडा फिरतो. नेटच्या पलीकडे कोण उभी होती, कोणाला पडलेली नाही.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी, सव्विसाव्या वर्षी, तिने खेळ सोडला. कोणी काढलं नव्हतं, दुखापतीनं बसवलं नव्हतं. पुरे वाटलं, सोडलं. 'शिखरावर असताना थांबावं' म्हणणाऱ्या समस्त काकांनी नोंद घ्यावी, ते तिने करून दाखवलंय. मग रेसिंग ड्रायव्हरशी लग्न केलं, लंडन मॅरेथॉन धावली. आणि २००८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, परत आली. तीही वाजतगाजत नाही. गिफूची छोटीशी स्पर्धा, क्वालिफाइंगपासून (म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीपासून) सुरुवात, थेट फायनलपर्यंत. पुढच्या वर्षी सोलची स्पर्धा जिंकली, एकोणचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

हं, मान्य. पैसा होता, नाव होतं, नवराच म्हणत होता खेळ म्हणून. आपल्याकडे पहाटेचा डबा चुकला तर घर डोक्यावर घेतात. आणि परतल्यावर पहिल्याच फेरीत हरलेल्या स्पर्धाही ढिगाने आहेत. असू देत. ती हरली तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

बालेवाडीतही ती हरलीच. ६-२, ६-३. पण खेळ बघायला हवा होता. अंगकाठी एवढीशी, हातात ताकद अशी नाहीच. चेंडू टप्पा पडून वर येतो न येतो तोच ही पुढे सरकून मारणार. रॅकेट मागे नेणं जवळजवळ नाहीच, फटका सपाट, नेटला घासून जाणारा. समोरची जोर लावणार आणि ही तोच जोर तिला परत करणार. जन्माने डावखुरी आहे म्हणे, टेनिस मात्र उजव्या हाताने. (मोठ्यांनी लहानपणी हात बदलायला लावायचा, हे तिकडेही आहे वाटतं.) आमचे मागचे काका पहिला सेट संपताच उठले, नंतर ट्रॅफिक लागतो म्हणाले. दुसऱ्या सेटमध्ये तिने तीन गेम काढले ते त्यांना दिसलेच नाहीत.

आता जरा शांत झालेय. चहा घेतला.

खरं तर मला तिचं जिंकणं एवढं आठवत नाही. ते आहेच. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बेचाळिसाव्या वर्षी पेत्रोव्हाला ६-२, ६-० धुतलं. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर हरली, पण व्हीनस विल्यम्सला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ पर्यंत रडवलं. पण २०१७ मधली टोकियोतली शेवटची मॅच? ६-०, ६-०. एक गेमसुद्धा नाही. घरच्या लोकांसमोर. आपल्याकडे अशा वेळी 'बघ, सांगत होतो ना' म्हणायला रांग लागते. मला त्या स्कोअरचं जाम कौतुक वाटतं. सव्विसाव्या वर्षी मानाने जाऊन झालं होतं, या वेळी पार संपेपर्यंत खेळायचं होतं. दोन्ही वेळा ठरवलं तिने.

लेकीने बालेवाडीहून घरी येताना गाडीत विचारलं होतं, "आई, ते काका असं का म्हणाले?" मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. आता ती मोठी झालीये, या ग्रुपवरही आहे, आणि आज काकांच्या मेसेजवर माझ्याआधी तिनेच लिहिलं, "व्हेटरन्स महिला गट का नाही?" अजून उत्तर नाही. दोन निळ्या टिका मात्र आल्यात.

कमेंटमध्ये कोणी "ताई, गुडघे सांभाळा" लिहिणार असेल तर आधीच सांगते. दातेच्या गुडघ्यावर २०१६ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी, सेहेचाळिसाव्या वर्षी, बाई परत कोर्टवर. माझे गुडघे माझ्या ऑर्थोपेडिकशी बोलून घेतील.