डबा फेकू का, मास्तर?

26 जून 2010, शनिवार. नागपूरच्या आठ रस्ता चौकातला आमचा पानठेला. उकाडा असा की ठेलेवाला खर्रा घोटता घोटता स्वतःच घामानं घोटला जात होता. आदल्या रात्रीपासून पेट्रोल साडेतीन रुपयांच्या आसपास वाढलं होतं, डिझेल दोन, रॉकेल तीन, सिलिंडर पस्तीस. त्याहून मोठी बातमी म्हणजे पेट्रोलचा भाव यापुढे सरकार ठरवणार नव्हतं, तो बाजारावर सोडला होता. त्यामुळे कट्ट्यावर शिव्यांची कमतरता नव्हती.

वासू मात्र वेगळ्याच शिव्या घेऊन आला. तो विम्याचा एजंट, घरी नवीन ब्रॉडबँड. 20 एप्रिलला अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या विहिरीवर स्फोट झाला होता. गेला महिनाभर तो रोज रात्री तिथलं थेट चित्रण पाहत बसायचा. समुद्राच्या तळाशी फुटलेला पाइप आणि त्यातून भसभसा उसळणारं तपकिरी तेल.

"रोज साठ हजार बॅरल म्हणते वरचा अंदाज," वासू म्हणाला. "एका बॅरलमध्ये 159 लिटर. करा हिशोब."

हिशोब गुड्डूनं केला, मोबाइलवर. 95 लाख लिटर. आपल्याकडे पंपावर येतो तो बारा हजार लिटरचा टँकर धरला, तर रोज जवळपास आठशे टँकर. गुड्डूनं वर्धा रोडकडे पाहिलं, जणू ते आठशे तिथून ओळीनं जाणार होते.

"आणि तो साहेब!" वासूचा आवाज चढला. "टोनी हेवर्ड, बीपीचा मुख्य. स्फोटात अकरा माणसं मेली, आणि हा म्हणते मला माझं आयुष्य परत पाहिजे. मागच्या शनिवारी तर होड्यांची शर्यत पाहायला गेला. माझं म्हणणं एकच आहे, बीपीवर बहिष्कार. अमेरिकेत लोक टाकूनच रायले."

बंड्याभाऊ इतका वेळ गप्प होता. त्याचं गॅरेज ठेल्याला लागूनच. तो उठला, आत गेला आणि हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगाचा डबा आणून कट्ट्यावर आपटला.

"हे कोनाचं आहे, माईत आहे का? कॅस्ट्रॉल. दहा वर्षं झाले बीपीनं घेतली थे कंपनी. तुह्या गाडीत मी मागच्या महिन्यात हेच टाकलं. फेकू का डबा, मास्तर?"

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. कट्ट्यावरचा शेवटचा शब्द त्यांचा, निदान त्यांची तशी समजूत. त्यांनी डबा उचलून वाचला, परत ठेवला.

"फेकून उपयोग नाही. तिकडेसुद्धा बीपीची पाटी असलेले पंप बहुतेक दुसऱ्याच कुणाचे असतात. बहिष्काराची झळ त्या पंपवाल्याला. आणि वासू, काल रात्री तू कुठे होतास?"

वासू गप्प. पण गुड्डू गप्प बसणाऱ्यातला नाही. "पंपावर! साडेदहापासून रांगीत. बाराच्या आत टाकी फुल करायले. पाऊण तासात तीस रुपये वाचवले भाऊनं."

हशा झाला. त्या रांगेत मीही होतो, वासूच्या मागे पाच-सहा गाड्या सोडून. ते मी तेव्हा बोललो नाही.

हशा ओसरल्यावर मास्तरांनी धडा सुरू केला, आणि धडा चांगला होता. 1974 मध्ये आपल्याला मुंबई हायला तेल लागलं, तेव्हा 'सागर सम्राट'नं जिथे खोदलं तिथे समुद्र पाऊणशे मीटरच्या आसपास खोल. त्या आखातात समुद्राचा तळच दीड किलोमीटर खाली, आणि त्याच्याखाली आणखी चार किलोमीटर खडक फोडून ती मॅकोंडो विहीर नेलेली. "इतक्या खाली माणूस हौसेनं जातो का? वरवरचं, सोपं तेल उपसून झालं म्हणून जातो. आपल्या देशाचंही तीन चतुर्थांशाहून जास्त तेल बाहेरून येतं. टाकी फुल कर म्हणणारा प्रत्येक जण त्या विहिरीला वरून ढकलतोय. हेवर्डला शिव्या देणं सोपं आहे. दोषी सगळेच."

कट्ट्यावर अशा वाक्यानंतर एक शांतता पसरते. तिला आम्ही मास्तरांचा तास सुटला म्हणतो. त्या दिवशी मलाही ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. स्फोटानंतर तीन महिने पुरे व्हायच्या आत, 87 दिवसांनी, त्या विहिरीतून येणारं तेल थांबलं. सरकारी अंदाज निघाला एकूण 49 लाख बॅरलचा, न्यायालयानं नंतर तो कमी धरला. मोठाच आकडा धरला तरी त्या वर्षी जगाला तेवढं तेल जाळायला दीड तास लागत नव्हता. पक्षी तेलात माखले, कोळ्यांचे धंदे बसले, किनारे काळे झाले, ते सगळं जगाच्या दीड तासाच्या इंधनात.

पण बंड्या उठला. उठला म्हणजे खरंच उभा राहिला, डबा हातात घेऊन.

"मास्तर, तुमाले मान आहे. पन हे 'सगळेच दोषी' मले जमत नाई. भोपाळात कोन दोषी होतं?"

तीन आठवड्यांपूर्वीच, 7 जूनला, भोपाळच्या वायुकांडाचा निकाल लागला होता. कारखाना युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचा. साडेपंचवीस वर्षांनी. सात जणांना दोन-दोन वर्षं, आणि त्याच दिवशी जामीन.

"थे कारखाना काय बनवे? कीटकनाशक. कोनासाठी? कापसावर फवारनाऱ्यासाठी. माहा बाप काटोलले आयुष्यभर कापसावर फवारत आला. मंग भोपाळची मानसं माह्या बापानं मारली का?"

मास्तर म्हणाले, "तसं नाही रे."

"तसंच होते ना तुमच्या हिशोबानं! मागनी होती म्हनून कारखाना, कारखाना होता म्हनून वायू. पन टाकीचा थंडावा बंद कोनं ठेवला? माह्या बापानं? मी इथं इंजिन खोलतो. गिऱ्हाईक म्हनते भाऊ लवकर दे. मी घाईत ब्रेकचा नट सैल सोडला आन् थो मेला, तर पोलिसाले सांगू का, गाडीची हौस सगळ्याईलेच आहे?"

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं, आणि नसल्याचं त्यांनी लपवलं नाही. हे त्यांचं मोठेपण. जानेवारी 2011 मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, तेव्हा मला बंड्याचा नट आठवला. विहिरीतलं सिमेंट धरलंय की नाही हे पाहणारी दाबाची चाचणी त्या 20 एप्रिलला घेतली होती. दाब दिसायला नको होता, तो दिसत होता. तरी काहीबाही कारण लावून चाचणी यशस्वी ठरवली. ते माझ्या टाकीनं केलं नव्हतं.

वासूला जोर चढला. "ओबामानं पाहा कसे 2000 कोटी डॉलर बाजूला काढून ठेवायला लावले, दोन महिन्यांच्या आत. भोपाळचे किती होते?"

"47 कोटी डॉलर," मास्तर म्हणाले. "1989 मध्ये. हजारो मेले होते."

गुड्डूला मोबाइलची गरज पडली नाही. चाळीसपटीहून जास्त, त्यानं तोंडीच सांगितलं, आणि मग पहिल्यांदाच तो पोट्टा गंभीर झाला. "म्हणजे अमेरिकेच्या बगळ्याले भाव आहे."

"बगळ्याले नाई," बंड्या म्हणाला, "अमेरिकेले."

मग विषय घसरला. ओबामा मुद्दाम 'ब्रिटिश पेट्रोलियम' म्हणतात, इंग्रज त्यावर चिडलेत, आणि बीपीचे शेअर तर अमेरिकेतही जवळपास ब्रिटनइतकेच आहेत, वगैरे. मास्तरांना एक शेवटचा वार करायचा होताच. "आणि बंडू, तुझं जळकं ऑईल जातं कुठे? नालीत, नालीतून नाग नदीत, तिथून कन्हान, वैनगंगा, गोदावरी. समुद्र आपल्यालाही आहे."

"नालीत कायले जाईन? सेंट्रिंगवाले पैसे देऊन नेतात. मी थेंब सोडत नाई, मास्तर."

तेवढ्यात फुटबॉलच्या विश्वचषकाचा विषय निघाला आणि तेलाचं कुणी नाव काढलं नाही. रात्री बाराला अमेरिका-घाना सामना होता, दुसऱ्या दिवशी इंग्लंड-जर्मनी.

सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावर आलो तर गुड्डू निकाल घेऊन तयारच होता. घानानं अमेरिकेला 2-1 नं हरवलं, ते भोपाळचं. जर्मनीनं इंग्लंडला 4-1 नं हाणलं, ते समुद्राचं. अपील नाही, जामीन नाही.

मास्तरांनी खर्र्याची पुडी हातात घेतली आणि विचारलं, "घानाचा गोल कुणी केला रे?"