‘तू फक्त कडेला राहा’: पिकलबॉल डबल्सच्या एका चुकीच्या सल्ल्याला उत्तर

गोव्यात पिकलबॉल, म्हणजे नेटवरून प्लॅस्टिकचा बॉल पॅडलनं मारायचा खेळ, खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय. मला तो आधी फोंड्याच्या ग्रुपवर आला, मग डिचोलीच्या मैत्रिणीनं पाठवला, मग म्हापशाहून आला. त्याचा मथितार्थ असा: जोडीतल्या चांगल्या खेळाडूनं जमतील तेवढे बॉल घ्यावेत आणि दुसऱ्यानं आपली कड सांभाळावी. एकानं पुढे, एकानं मागे राहिलं की सगळं कोर्ट झाकलं जातं. बॉल मिळाला की जोरात हाणावा. खेळताना बोलू नये, लक्ष उडतं. आणि ज्याच्या डोक्यावरून बॉल गेला त्यानंच धावत जाऊन तो आणावा.

वाचायला सोपं आहे, म्हणून लोक पुढे ढकलतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि अशा सल्ल्यापायी माणसं खेळ सोडताना मी पाहिली आहेत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, आम्ही हॉलमधल्या बॅडमिंटनच्या कोर्टावर टेप लावून खेळत होतो. एक निवृत्त शिक्षिका, वय साठीच्या पुढे, खेळ शिकून जेमतेम महिना झालेला. त्यांचा पुतण्या जोडीला. बॅडमिंटनमधला तयार खेळाडू, हात वेगवान. पहिल्याच गेममध्ये तो म्हणाला, “काकी, तू फक्त कडेला राहा, बाकी मी बघतो.” त्या डावीकडच्या रेषेला चिकटून उभ्या राहिल्या. समोरच्या जोडीला हे कळायला तीन रॅली पुरल्या. नंतर त्यांनी एक बॉल काकींच्या पायाशी टाकायचा आणि दुसरा पुतण्यानं सोडलेल्या मोकळ्या जागेत, एवढंच केलं. गेम ११-३ असा गेला. काकींनी पॅडल बाकावर ठेवलं, नॅपकिननं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मी उगाच मधे येते. तुम्ही खेळा.” हरण्याचं मला काही वाटलं नाही, पण त्यांचं ते वाक्य ऐकवलं नाही.

म्हणून आधी तोच मुद्दा घेते. चांगल्या खेळाडूनं जास्त बॉल घ्यावेत, असं म्हणणारा एक साधी गोष्ट विसरतो. बॉल कोणाकडे जाणार हे आपण ठरवत नाही, समोरचे ठरवतात. आणि काही बॉल तर नियमानंच दुसऱ्याला घेता येत नाहीत. सर्व्ह तिरक्या चौकटीत पडते आणि त्या वेळी त्या चौकटीचा जो मानकरी, त्यानंच ती परतवायची. जोडीदारानं घेतली तर फॉल्ट. सर्व्ह करणारा प्रत्येक गुणानंतर बाजू बदलतो, त्यामुळे सर्व्ह आलटून पालटून दोघांकडेही येते. म्हणजे ज्यांना तुम्ही कडेला उभं केलंत त्यांना रिटर्न मारायचा आहेच. सर्व्हही करायची आहे. मधल्या वेळात त्यांना बॉलला हातच लावू दिला नाही, तर रिटर्नच्या वेळी त्यांचा हात थंड असणार आणि मनही.

शिवाय जागेचा हिशेब बघा. कोर्टाची रुंदी २० फूट, म्हणजे माणशी १०. पुतण्या झेप घेऊन मधला बॉल काढतो, तेव्हा त्याची स्वतःची बाजू उघडी पडते. तो बॉल तिथंच मेला तर ठीक. परत आला तर तिथं कोण आहे? जोडीदार सरकून ती जागा भरणार असेल तरच अशी झेप कामाची, आणि ती सरकणार कधी, तर तुम्ही आधी ठरवलं असेल तेव्हा. कडेला चिकटून राहा असं सांगितलेली बाई सरकत नाही. तिला तसं सांगितलेलंच असतं.

या सल्ल्यात एक कण खरा आहे, तो मान्य करते. मधला बॉल कोणाचा, हे ठरलेलं असावं. दोघंही उजव्या हाताचे असले तर डावीकडे उभ्या असलेल्याचा फोरहँड मध्ये येतो, म्हणून मधला बॉल बहुधा त्याचा. एक जण डावखुरा असेल आणि तो उजवीकडे उभा राहिला, तर दोघांचेही फोरहँड मध्ये येतात. ऐकायला छान वाटतं, पण अशाच जोडीची पॅडलं एकमेकांवर आपटतात, कारण दोघांनाही तो बॉल आपलाच वाटतो. पण हा झाला फोरहँडचा हिशेब. चांगला कोण आणि कच्चा कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या दिवशी काकी डावीकडे होत्या. मधला बॉल त्यांचाच होता.

आता एक पुढे, एक मागे. गोव्यात ही सवय कुठून येते ते उघड आहे. आपल्यापैकी निम्मे तरी बॅडमिंटनमधून आलेत, आणि पिकलबॉलचं कोर्ट अगदी बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. योगायोग नाही तो. १९६५ साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी हा खेळ जन्मला, तोच मुळी बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर. सुरुवातीला नेटही बॅडमिंटनच्या उंचीचं, ६० इंच होतं. प्लॅस्टिकचा बॉल जमिनीवर चांगला टप्पा घेतो हे लक्षात आल्यावर त्यांनी नेट ३६ इंचांवर आणलं. आज ते कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंच असतं.

नेट खाली आलं आणि खेळ बदलला. बॅडमिंटनमध्ये मागचा खेळाडू उंचावरून शटल खाली आपटतो आणि पुढचा उरलंसुरलं टिपतो, म्हणून हल्ला करताना पुढे-मागे उभं राहणं बरोबर. पिकलबॉलमध्ये मागे उभ्या असलेल्याला बॉल बहुतेक वेळा टप्पा पडून गुडघ्याच्या आसपास मिळतो. तो त्याला वर उचलूनच मारावा लागतो. वर उचललेला बॉल पुढे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातात जातो, आणि ते तो तुमच्या दोघांमधल्या तिरक्या भगदाडात मारतात. पुढच्याला वाटतं मागचा घेईल, मागचा पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर आणि दोन्हीकडे माणसं. एका बाजूनं जोर केला आणि दुसरी रेंगाळली, तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. जोडीनं नेटकडे जाणं तसंच आहे. दोघं एका रेषेत पुढे, गरज पडली तर दोघं एका रेषेत मागे. आडवंही तसंच. जोडीदार बॉल घ्यायला कडेला ओढला गेला की तुम्ही मध्याकडे सरकायचं, दोघांतलं अंतर वाढू द्यायचं नाही.

यात एक बारकावा आहे आणि बहुतेकांची चूक नेमकी तिथंच होते. सर्व्हला एक टप्पा पडू द्यावा लागतो आणि रिटर्नलाही. म्हणून सर्व्ह करणाऱ्या जोडीनं सर्व्ह झाल्यावर लगेच पुढे धावायचं नाही. आमच्याकडे दर संध्याकाळी कोणीतरी सर्व्ह मारून तसाच पुढे पळतो, खोल रिटर्न त्याच्या पायात येतो, आणि टप्पा पडेपर्यंत थांबायचं असल्यामुळे तो बिचारा उलट्या पावली मागे सरकत बॉल नेटमध्ये घालतो. दोघांनी बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, मागे थांबावं, तिसरा बॉल, म्हणजे रिटर्नला दिलेलं उत्तर, मऊ हातानं किचनमध्ये, नेटलगतच्या पट्ट्यात, उतरवावा आणि तो चांगला पडतोय असं दिसलं की मिळून पुढे निघावं. रिटर्न करणाऱ्या जोडीचं उलट. रिटर्न मारणारा मागे असतो, पण त्याच्या जोडीदारानं आधीपासूनच किचनच्या रेषेला उभं राहायचं. तेवढ्यापुरतं एक पुढे एक मागे असणं बरोबर, कारण रिटर्न मारून दुसराही लगेच पुढे येणार असतो. अनेक घरच्या जोड्यांत मात्र बायको नवऱ्याशेजारी मागेच थांबते, घाबरून. तिला कोणी सांगितलेलंच नसतं की पुढे उभं राहणं हा तिचा हक्क आहे आणि तिथं येणारा बॉल उलट सोपा असतो.

किचनबद्दलही गैरसमज फार. नेटपासून ७ फुटांच्या त्या पट्ट्यात पाय ठेवायचाच नाही असं समजून काही जण टप्पा पडलेला सोपा बॉलसुद्धा सोडतात. पट्ट्यात केव्हाही जाता येतं. तिथं उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारायचा नाही, एवढंच. आणि बाहेरून व्हॉली, म्हणजे असा टप्प्याआधीचा बॉल, मारल्यावर तोल जाऊन आत पाय पडला तरी फॉल्ट, मग बॉल तोवर मेलेला का असेना.

जोरात मारण्याबद्दल थोडक्यात. दोन्ही किचन रेषांमध्ये सरळ अंतर १४ फूट. नेटच्या खाली असलेला बॉल जोरात मारलात तर तो नेटमध्ये अडकतो, मागच्या रेषेबाहेर जातो, नाहीतर वर येतो. वर आलेला बॉल समोरचा आपटतो, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या अंगावर न येता जोडीदाराच्या अंगावर येतो. तुमच्या घाईची किंमत ती मोजते. त्याऐवजी तिरका डिंक घाला, म्हणजे बॉल अलगद समोरच्या किचनमध्ये उतरवा. कोपऱ्यातून कोपऱ्यात अंतर २४ फुटांहून थोडं जास्त मिळतं आणि बॉल नेटच्या सखल भागावरून जातो. बॉल नेटच्या वर, छातीएवढा आला की मग खुशाल मारा.

खेळताना बोलू नये, हा या सल्ल्यातला मला सगळ्यात न पटणारा भाग. डबल्समध्ये न बोलणारी जोडी म्हणजे एका कोर्टावर दोन सिंगल्स. मधला बॉल दोघांनी बघितला आणि दोघांनी सोडला, हे दृश्य कोणत्याही संध्याकाळी कोणत्याही कोर्टावर दिसेल. बॉल दोघांच्या मधून जातो, दोघं एकमेकांकडे बघतात, दोघांच्याही तोंडी “मला वाटलं तू घेशील”. ‘माझा’ हा एक शब्द तिथं पुरला असता.

शब्द तीन-चारच हवेत आणि आधी ठरलेले हवेत. ‘माझा’, ‘तुझा’, ‘सोड’, ‘बदल’. गोव्यात एका कोर्टावर मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं चालतं. कोणी ‘म्हजो’ म्हणतो, कोणी ‘माइन’, आणि ऐकणाऱ्याचा अर्धा क्षण अर्थ लावण्यात जातो. ‘सोड’ मात्र मराठीत आणि कोंकणीत एकच, म्हणून बाहेर जाणाऱ्या बॉलसाठी आम्ही तोच ठेवलाय. जोडीदार बॉलच्या मागे असतो तेव्हा बॉल बाहेर चाललाय हे त्याला नीट कळत नाही, बाजूला उभ्या असलेल्याला कळतं. टप्पा पडायच्या आधी ‘आऊट’ किंवा ‘सोड’ म्हटलं तर नियमानं ते जोडीदाराशी बोलणं धरतात, रेषेचा निर्णय नव्हे. बॉल आत पडला तरी खेळ चालू राहतो. टप्प्यानंतरचा ‘आऊट’ मात्र निर्णय असतो, आणि त्यावर दोघांत मतभेद झाला, एक आत म्हणाला आणि एक बाहेर, तर बॉल आतच धरायचा. ही गोष्ट प्रत्येक जोडीनं माहीत करून घ्यावी. भांडणं निम्मी होतील.

बोलण्यातलं एक बोलणं टाळायचं, आणि ते त्या सल्ल्यात कुठंच नाही. रॅली संपल्यावर जोडीदाराला शिकवू नका. “अगो, तिथं कशाला मारलंस?” हे वाक्य मी नवऱ्यांच्या, भावांच्या, पुतण्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी ऐकणारीचा पुढचा बॉल आणखी आखडलेला असतो. शिकवायचं तर गेम संपल्यावर, पाणी पिताना, तिनं विचारलं तर. कोर्टावर “पुढचा बघू” एवढं पुरे. आणि प्रत्येक चुकीनंतर ‘सॉरी’ म्हणणाऱ्यांनाही विनंती, थांबवा ते. जोडीदाराला दर वेळी तुमचं सांत्वन करत बसावं लागतं.

शेवटचा मुद्दा डोक्यावरून गेलेल्या बॉलचा. तो ज्याचा त्यानं आणावा हे धोक्याचं आहे. डोक्यावरून बॉल गेला की माणूस नजर वर ठेवून उलट्या पावली मागे पळतो. पावसाळ्यात आमच्या हॉलची फरशी दमट असते, बुटांतून पाणी आत आलेलं असतं, आणि साठीतल्या माणसानं तसं मागे पडून हात टेकला तर मनगट जाऊ शकतं. उलट्या पावली पळायचंच नाही. अंग वळवून, बॉलच्या बाजूला धावायचं, आणि बहुधा धावायचं ते जोडीदारानं. त्याला बॉल तिरका दिसतो, तो आधी वळू शकतो. तो मागे गेला की पुढच्यानं ‘बदल’ म्हणून त्याच्या बाजूला सरकायचं. बॉल पोचण्यापलीकडचा असेल तर सोडून द्या. तो एकच गुण आहे.

काकींना परत आणायला मला दोन आठवडे फोन करावे लागले. त्या आल्या, तेव्हा पुतण्याला उजवीकडे उभं केलं आणि त्यांना डावीकडे, पण रेषेपासून चांगली तीन पावलं आत. मधला बॉल तुमचा, एवढंच सांगितलं. पहिले दोन त्यांनी सोडले. तिसऱ्याला हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ‘माझा!’ म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशा, आणि पुतण्यानं पॅडल खाली घेतलं.