लिनक्स शिव्यांनी घडलं नाही

"लिनक्स घडलं ते लिनस टॉरव्हाल्ड्सच्या शिव्यांमुळे. झापल्याशिवाय चांगला कोड येत नाही. २०१८ मध्ये सभ्यतेचे नियम आले आणि दर्जा घसरला. तांत्रिक चर्चेत भावनांना जागा नसते. कातडी जाड नसेल तर या कामात येऊ नका." अशा आशयाचे मेसेज आयटीवाल्यांच्या ग्रुपवर सतत फिरत असतात. (लिनक्स ही जगभरातले प्रोग्रॅमर मिळून लिहितात ती संगणक-प्रणाली; टॉरव्हाल्ड्स तिचे जनक.) नोकरीला नुकतीच लागलेली मुलंमुली ते खरे मानतात, याचा मला राग येतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

शिव्यांनी कोड सुधारला, याचा पुरावा म्हणून २३ डिसेंबर २०१२ चा टॉरव्हाल्ड्स यांचा ईमेल हमखास पुढे केला जातो. वेबकॅमच्या ड्रायव्हरमधल्या (ते उपकरण चालवणाऱ्या कोडमधल्या) एका बदलानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चुकीचा एरर कोड देऊ लागलं आणि आधी नीट चालणारे प्रोग्रॅम बिघडले. संबंधित मेंटेनरने, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याने, दोष प्रोग्रॅमच्या माथी मारला. टॉरव्हाल्ड्स यांनी त्याला शिवी हासडून गप्प बसायला सांगितलं. आता शिवी आणि आरडाओरडा गाळून तोच ईमेल वाचा. दोन गोष्टी उरतात. कर्नलमधल्या बदलाने चालता प्रोग्रॅम मोडला, तर चूक कर्नलची. आणि 'अशी फाइल नाही' हा एरर फाइलचा पत्ता शोधताना द्यायचा असतो, आयऑक्टल कॉलला (आधीच उघडलेल्या उपकरणाला दिलेल्या हुकमाला) तो देणं चूकच. कोड दुरुस्त करायला एवढं पुरेसं होतं. कुठली ओळ का बदलायची, हे शिवीत कुठेच नव्हतं.

२०१८ नंतर दर्जा घसरला म्हणणाऱ्यांनी तो कुठे घसरला ते दाखवावं. त्या वर्षी १६ सप्टेंबरला टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच जाहीर माफी मागितली, आपले व्यक्तिगत हल्ले अनाठायी होते असं लिहिलं आणि काही काळ बाजूला झाले. कर्नलची ४.१९ ही आवृत्ती दुसरे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली. पुढे २०२२ च्या अखेरीस रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला कर्नलमध्ये जागा मिळाली. सुमारे २० वर्षं मुख्य कर्नलबाहेर रखडलेलं रिअल-टाइमचं (ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्याचं) काम २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत आत आलं.

आणि नकार द्यायचं कुणी थांबवलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी रिस्क-फाइव्ह या प्रकारच्या प्रोसेसरसाठीचे बदल उशिरा आले म्हणून परत पाठवले, त्यातल्या एका फंक्शनला कचराही म्हटलं. दोन १६-बिटी आकडे जोडून एक ३२-बिटी आकडा करणारं ते फंक्शन होतं. कोणता आकडा वरच्या अर्ध्यात जातो हे नावावरून कळतच नाही, हा त्यांचा आक्षेप. 'कचरा' नसतं म्हटलं तरी तो आक्षेप तितकाच बिनतोड राहिला असता.

जाड कातडीचा मुद्दा मला सगळ्यात क्रूर वाटतो. यूएसबी ३.० ची उपकरणं चालवायची सोय सर्वांत आधी लिनक्समध्ये आली, २००९ मध्ये. त्यासाठीचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१३ मध्ये या शिवराळ भाषेला उघड विरोध केला आणि २०१५ मध्ये कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. कारण हेच, की इथे माणसाला माणूस म्हणून मान मिळत नाही. अशा माणसाला 'कच्चं' म्हणायचं?

राहिला भावनांचा मुद्दा. एक्सझेड हे कॉम्प्रेशनचं (फाइल आकाराने लहान करण्याचं) सॉफ्टवेअर एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती त्याच्या मागे लागली: प्रकल्पात तुला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती दे. 'जिया टॅन' नावाच्या खात्याला कोड बदलायचे हक्क मिळावेत म्हणूनच हा दबाव आणला गेला, असं आज मानलं जातं. त्या खात्याने २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. थकलेल्या मेंटेनरला टोचून बोलणं आपण इतकं नेहमीचं करून ठेवलंय, की त्या टोचणीत कट दडलाय असा संशय तेव्हा कुणाला आला नाही.

तो चोरदरवाजा पकडला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने. एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या संगणकात शिरायला) ०.२९९ सेकंदांऐवजी ०.८०७ सेकंद का लागतात, याचा माग काढत ते तिथवर पोचले. २९ मार्च २०२४ च्या त्यांच्या अहवालात मोजमाप आहे, बाधित आवृत्त्या आहेत, चोरदरवाजा कसा बसवला ते आहे. ज्याच्यावर संशय होता त्याच्याबद्दल त्यांनी लिहिलं ते इतकंच: एक तर तो स्वतः यात सामील आहे किंवा त्याच्या संगणकात कुणी शिरलंय, आणि दुसरी शक्यता कमी वाटते.