‘हिग्जनंतर काहीच सापडले नाही’ या दाव्याला उत्तर

कणभौतिकीविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, २०१२ साली हिग्ज बोसॉन हा कण सापडला, त्यानंतर एकही नवा मूलकण (आणखी लहान कणांपासून न बनलेला कण) सापडलेला नाही, शास्त्रज्ञ बहुतेक डेटा न पाहताच टाकून देतात, अधूनमधून नव्या कणाची आवई उठते आणि विरून जाते, सिद्धान्त खोटा ठरला की तो बदलून घेतात, तेव्हा हा शोध थांबवावा. यातली काही विधाने खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष लोकांना सहज पटतो.

२०१२ नंतर नवा मूलकण सापडलेला नाही, हे विधान खरे आहे आणि ते आढेवेढे न घेता मान्य करावे. २०१५ मध्ये पेंटाक्वार्क सापडले, असे उत्तर काही जण देतात. पण ते चार क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांपासून बनतात ते मूलकण) आणि एक प्रतिक्वार्क मिळून बनलेले संयुक्त कण आहेत, मूलकण नव्हेत, त्यामुळे ते उत्तर येथे लागू पडत नाही. खरा प्रश्न असा आहे की, इतकी वर्षे नवा मूलकण न सापडणे हे शोध फसल्याचे लक्षण मानावे काय? १९७७ मध्ये बॉटम क्वार्क सापडला, तेव्हा त्याला जोडीदार असणार याविषयी फारशी शंका उरली नव्हती. हा टॉप क्वार्क हॅम्बुर्गच्या पेट्रा त्वरकात (कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्रात) शोधला, मिळाला नाही. जपानच्या ट्रिस्टनमध्ये शोधला, तेथेही मिळाला नाही. १९८४ मध्ये सर्नच्या यूए१ या प्रयोगगटाला ४० गीगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (कणांच्या वस्तुमानाचे एकक; प्रोटॉनचे वस्तुमान सुमारे एक) आसपास त्याच्या खुणा दिसल्यासारख्या वाटल्या, पण अधिक टकरी नोंदल्यावर त्या टिकल्या नाहीत. प्रत्येक वेळी हाती आली ती फक्त ‘याहून हलका नाही’ अशी एक मर्यादा. दरम्यान सर्नच्याच लेप त्वरकात झेड बोसॉन या दुसऱ्या जड मूलकणाच्या केलेल्या काटेकोर मोजमापांवरून तो कोठे असावा याचा अंदाज येत गेला, आणि १९९५ मध्ये फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनमध्ये तो सापडला. त्याचे वस्तुमान सुमारे १७३ गीगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सोन्याच्या अणूच्या जवळपास जाणारे, निघाले. मधली अठरा वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणत नाही.

अर्थात, एक फरक मान्य केलाच पाहिजे. टॉप क्वार्क असणे सिद्धान्ताला आवश्यक होते. आज तशी हमी असलेला कोणताही कण समोर नाही. महासममितीचे (प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असतो, या कल्पनेतले) कण कोलायडर सुरू होताच दिसतील, असा विश्वास अनेक सैद्धान्तिकांनी व्यक्त केला होता, आणि तो अवाजवी होता असे माझे स्पष्ट मत आहे. पण अंदाज चुकला म्हणून तो तपासणारे मोजमाप निरर्थक ठरत नाही. उलट, तो चुकला हे आपल्याला कळले ते त्या मोजमापामुळेच.

डेटा टाकून देण्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. इतके सारे साठवणे अशक्य असल्याने ‘ट्रिगर’ ही यंत्रणा काही मायक्रोसेकंदांत पहिली निवड करते, पुढची चाळणी संगणक करतात आणि शेवटी त्यातला अगदी लहान अंश उरतो. टाकून दिलेल्यांपैकी बहुतांश टकरी नेहमीच्याच, परिचित प्रक्रियांच्या असतात. शिवाय कोणतीही अट न लावता निवडलेला यादृच्छिक नमुनाही साठवला जातो, म्हणजे चाळणीची स्वतःचीच तपासणी होते. तरीही काही अंतर कापून मग विघटन पावणारा कण या चाळणीतून निसटू शकतो, ही शंका रास्त आहे. तिच्यावर कामही चालू आहे: ॲटलास या कोलायडरवरील मोठ्या डिटेक्टरच्या टक्करबिंदूपासून ४८० मीटर अंतरावर बसवलेला फेसर हा छोटा डिटेक्टर अशाच कणांसाठी आहे.

आवई उठण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डिसेंबर २०१५ मधले आहे. दोन फोटॉन (प्रकाशकण) बाहेर पडलेल्या टकरी निवडायच्या, त्यांच्या ऊर्जेवरून मूळ कणाचे वस्तुमान काढायचे आणि आलेख मांडायचा, अशी ही पद्धत. तो आलेख उजवीकडे सावकाश उतरत जातो. ७५० गीगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी मात्र काही बिंदू अपेक्षित रेषेच्या वर उभे होते. जादा टकरी जेमतेम डझनभर. ॲटलासच्या हिशेबात त्या जागेपुरता हा उंचवटा साडेतीन सिग्माच्या (सिग्मा जितके जास्त, तितकी योगायोगाची शक्यता कमी) वर गेला. पण आलेखात कोठेही असा उंचवटा योगायोगाने येऊ शकतो हे धरले की तो दोन सिग्माच्या आसपास उतरत होता. शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. ॲटलास आणि सीएमएस या कोलायडरवरील दुसऱ्या मोठ्या डिटेक्टरच्या, अशा दोन्ही गटांनी शोधाचा दावा केला नव्हता. उत्साहाच्या भरात शेकडो शोधनिबंध आले, हे खरे. पण ऑगस्ट २०१६ मध्ये, कितीतरी अधिक डेटा हाती आल्यावर, ते बिंदू पुन्हा रेषेवर बसले आणि दोन्ही गटांनी ते शिकागोच्या परिषदेत उघडपणे मांडले. आक्षेप घेणारे याला फजिती म्हणतात. मला यात पाच सिग्माची अट कशासाठी आहे ते दिसते.

राहिला ‘सिद्धान्त खोटा ठरला की तो बदलून घेतात’, म्हणजे तो कधीच बाद होत नाही, हा मुद्दा. क्वार्कांच्या ज्ञात तीन जोड्यांपलीकडे चौथी जोडी (‘पिढी’) असावी, ही एके काळी गांभीर्याने मांडलेली कल्पना होती. हिग्ज मुख्यतः दोन ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांपासून), टॉप क्वार्कच्या मध्यस्थीने तयार होतो. टॉपसारखे आणखी दोन जड क्वार्क असते, तर ही प्रक्रिया सुमारे नऊपट वेगाने घडली असती. प्रत्यक्षात हिग्ज अपेक्षेइतकेच तयार होतात, आणि त्यामुळे त्या कल्पनेचे साधे रूप बाद झाले.

‘आता तपासायचे काही उरले नाही’ हे गृहीतकही त्या मजकुरात दडलेले आहे. एकाच टकरीत दोन हिग्ज तयार होणे, हे एक हिग्ज तयार होण्यापेक्षा सुमारे हजारपट दुर्मीळ आहे. हिग्ज स्वतःशी कसा जोडला जातो, हे थेट मोजायचे तर तीच वाट आहे, आणि तेथे अनोळखी जड कणाचा हात असल्यास तो त्या जोड्यांच्या संख्येत उमटू शकतो. अशा जोड्या पुरेशा संख्येने मिळाव्यात, म्हणून मूळ आराखड्याच्या दसपट टकरी देण्यासाठी कोलायडरच्या याच २७ किलोमीटरच्या वर्तुळात नवे चुंबक बसवण्याचे काम हाती घेतलेले आहे.